नव्वद शनिवार

साखर पेठेत आता तिथं घड्याळांचं दुकान आहे.
त्याआधी भाड्याच्या सायकली मिळायच्या,
आणि सायकलींच्या मागं, पोत्याच्या पडद्याआड,
बोमड्याल मामा चिठ्ठ्या लिहीत बसायचे.
"इथं," म्हणाले, अन् काठी टेकवली शटरच्या खोबणीत.
आतला पोरगा मोबाईलवर रमी खेळत होता.
पत्ते पडत होते, आवाज येत नव्हता.

मी नुसतं म्हटलं होतं, मामा,
तुमचं आकड्यांचं गाव दाखवा एकदा.
ऐंशीचा माणूस, लगेच चपला शोधायला लागला.

कन्ना चौकाच्या अलीकडं एक न्हावी होता,
गल्लीतला एकमेव फोन त्याच्याकडं.
रात्री नऊला ओपन यायचा,
तो आरशावर साबणानं लिहायचा फक्त एक आकडा,
आणि अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं
खुर्चीतनं उठून उभी राहायची.
क्लोज बाराला.
तोवर पेठ जागी. मागांवर धोटे पळतायत,
बायका विड्या वळतायत,
बोटं चालू, कान न्हाव्याकडं.

"हे मुळात कापसाचंच गं," मामा सांगतात,
"पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव यायचा तारेनं,
त्याच्यावर लावायची माणसं.
दिवसभर कापूस विणायचा, रात्री कापसावरच लावायचं.
मग तार बंद झाली. मडकं आलं, पत्ते आले.
कापूस गेला तरी खेळ ऱ्हायला.
नंतर गिरणी पण गेली."

नरसव्वाच्या स्वप्नात मेलेला नवरा आला
की ती तिर्री लावायची.
साप आला, सत्ता.
एकदा नवराच साप हातात धरून आला,
तेव्हा आख्ख्या पेठेनं सदतीस लावला म्हणे.
"आला?"
"कुठला! पण नरसव्वाकडं चार दिवस लई मान होता."

गड्ड्याच्या जत्रेतली चक्री मी विचारली.
साबणाची वडी, काचेचा पेला, फिरणारा काटा.
मामांनी हात झटकला. पोरखेळ ते.
चिठ्ठी म्हणजे कशी, कार्बन घालून लिहिलेली,
पेन्सिलीला जीभ लावून,
खाली सही नाही, नाव नाही,
तरी कुणी नाही म्हटलं नाही कधी.

गिरणीच्या फाटकापाशी ते थांबले.
आत बाभळी वाढल्यात. चिमणीवर घारी.
माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेचाळीस."
मला वाटलं वय विचारतायत माझं.
"तुझ्या नायनाचा बिल्ला. शेवटचे दोन आकडे.
रोज चार आणे, पगाराला पाच रुपये.
अकरा वर्षं."

मी गप्प. आईला हे ठाऊक नव्हतं.

"सारखं हरणारा आकडा, लिहिणारा काय करतो?
चिठ्ठी पुढं पाठवतच नाही. पैसे खिशात.
खाणं म्हणतात त्याला. सगळेच खायचे.
त्या पगाराला मी तुझ्या नायनाचे पाच खाल्ले,
अन् बाराला न्हाव्यानं आरशावर चार शेजारी दोन काढला."

साडेचारशे. कुठनं आणणार होते मामा.
नायना आले, पडद्याआड बसले, चहा प्याले,
म्हणाले, दर शनिवारी पाच दे.

माझी पाचवी ते सातवी.
शनिवारी नायना तेलानं ओला झालेला कागदाचा पुडा आणायचे.
आई विड्यांचा कट्टा बांधता बांधता विचारायची, कुठनं?
जादा पाळी केली, म्हणायचे.
मग एका शनिवारी पुडा आला नाही,
त्याच्या पुढच्याही नाही,
आणि आम्ही समजलो, जादा पाळी बंद झाली असेल.

"दुसऱ्या दिवशी परत आला चार आणे घेऊन.
बेचाळीसच.
त्यानंतर मी त्याचं कधी खाल्लं नाही बघ,
रोज पुढं भरलं, गिरणी बंद पडेस्तोवर.
परत एकदाही आला नाही."

रिक्षा मिळेना. ऊन कलत नव्हतं.
मामांनी विचारलं, "काय आणायचा गं तो, त्या पैशाचं?"
"भजी."
"कसली?"
"मिरचीची."
त्यांचं उजवं बोट डाव्या तळव्यावर हललं जरासं,
जिभेला लावून पुन्हा हललं.